दर आठवड्याला थोडं खाली

४ मार्च

नेरिसने आज सांगितलं. सुपासाठी लीकची पात चिरता चिरता.

"टेगी, अ‍ॅबरच्या इस्पितळातून निकाल आला. कॅन्सर स्वादुपिंडात आहे. पसरलाय." आणि पुन्हा चिरायला लागली. आवाज असा, की उद्या बेकरीची गाडी येणार नाही एवढंच सांगायचं होतं.

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात. तर म्हणे, उपचार घेतले तर कदाचित बर्फ पडेपर्यंत. नाही घेतले तर उन्हाळा.

"मी नाही घेणार. उन्हाळा पुरे मला."

माझी धाकटी बहीण. आई गेल्यावर हिची वेणी मी घालायचे. गुडघे माझे गेलेत, रक्तदाब मला, पोस्टातून निवृत्त होऊन घरात बसलेली मी — आणि झालं कुणाला, तर हिला.

तिचा नवरा खिडकीशी उभा होता. पाठ आमच्याकडे. मी वाट पाहिली. काहीतरी बोलेल, निदान तिच्या खांद्यावर हात ठेवेल. "एक मेंढी अडलीय," एम्लिन म्हणाला, टोपी घातली आणि गेला.

दगड आहे तो माणूस. वडिलांनी गडी म्हणून ठेवला तेव्हाही दगड, जावई झाला तेव्हाही दगड. लग्न झाल्यापासून मी त्याला 'तुम्ही' म्हणते, तोही मला 'तुम्ही' म्हणतो. त्याहून जवळ यायची आम्हा दोघांनाही कधी गरज वाटली नाही.

लीक सगळे चिरून झाले. फार झाले. तिने तसेच सगळे भांड्यात टाकले.

९ मार्च

एस्गेरवर गेलो, घरामागच्या डोंगरावर. नेरिस आणि मी. तिचीच इच्छा.

"घरात बसले की बायका येतात," म्हणाली. खरं आहे. सारा जन्म मी पोस्टाच्या खिडकीमागे काढला, पण बातम्या पोचवायला या गावाला पोस्ट कधी लागलंच नाही. हेन्ड्रेच्या, वडिलांच्या शेतघराच्या, ओट्यावर लोकांनी आणलेले 'बारा ब्रिथ'चे गोड पाव रचून ठेवलेत, मनुकांचा वास घरभर. नेरिस चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायची ना, त्यामुळे येणारं प्रत्येक माणूस हक्काचं. येतात, हात धरतात, मान तिरकी करतात.

"मान तिरकी झाली की समजायचं, आता रडणार. मग मीच उठून त्यांना चहा करते. माझ्याच आजारपणात मला फुरसत नाही!"

एस्गेरवर कुणी नसतं. असायचं कारणच काय? कडा नाही, तळं नाही, धबधबा नाही. नुसता गवताचा लांबलचक उतार, वर पुन्हा गवत. मागच्या फाटकातून निघायचं, ओढा ओलांडायचा, रोवनच्या झाडापासून वळायचं, पडका मेंढवाडा, आणि मग वाटच संपते. मेंढ्यांनी पाडलेल्या पायवाटा तेवढ्या. लहानपणी आम्ही शाळेतून आलो की दप्तर फेकून इकडेच.

"तिकडे अर विद्वाच्या, सगळ्यात उंच डोंगराच्या, माथ्यावर म्हणे फोटोसाठी रांग लागते," मी म्हणाले.

"पोस्टात लागायची तशी?"

"पोस्टातली माणसं रांगेत एकमेकांशी बोलायची तरी."

हसली. हसताना हात पोटाशी गेला. मी बुटाची नाडी बांधत बसले.

माथ्यावर दगडांची रास आहे, तिच्या आडोशाला ओल्या गवतात बसलो. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी. कुठेतरी चंडोल गात होता, दिसत नव्हता. खाली हेन्ड्रेचं छप्पर आगपेटीएवढं, आणि शेतातून एम्लिनची लाल चारचाकी क्वाड बाईक किड्यासारखी सरकत होती.

"बघ. कामच करतोय," मी म्हणाले. "आजही."

"मेंढ्या थांबतात का कुणासाठी?"

"खरं तर त्याने यायला हवं होतं तुझ्याबरोबर. मी नाही."

"तो नको," ती म्हणाली.

एवढंच. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

११ मार्च

आज काही लिहवत नाही.

२६ मार्च

मेंढ्या विताहेत. एम्लिन दिवसरात्र गोठ्यात. जेवण मी नेऊन देते, तो उभ्यानेच खातो, ताट परत देतो. दाढी वाढलेली, डोळे लाल.

आज म्हटलं, "जरा तिच्यापाशी बसत जा."

"बसलो तर कोकरं मरतील."

मी ताट घेऊन निघाले. बोलण्यासारखं बरंच होतं.

नेरिस चुलीशी बसून एका अनाथ कोकराला बाटलीने दूध पाजत होती. ते ढुशा देत होतं, ती त्याला रागवत होती. "हावरट कुठलं! हे मोठं झालं ना टेगी, की—" आणि थांबली. बाटली संपली होती. ती तशीच धरून बसली.

१३ एप्रिल

दर सोमवारी जातो आता. आज मेंढवाड्यापर्यंतच.

"इथूनच छान दिसतंय," म्हणाली आणि एका दगडावर बसली. इथून काय दिसतं? समोरचा बांध. मी म्हटलं, हो, छान दिसतंय.

दगड बर्फासारखा गार. माझा कोट काढून तिच्याखाली घालायला गेले, तर घेतला नाही. परतताना दात वाजत होते तिचे.

२० एप्रिल

मेंढवाड्यात बाक!

पाहिल्यावर मी थबकलेच. आमचं जुनं सिलो चॅपल बंद पडलं तेव्हा लिलावात एम्लिनने एक बाक आणलं होतं — आमच्या घराण्याचंच, वडील बसायचे ते. इतकी वर्षं कोठारात त्याच्यावर कोंबड्या बसत. ते घासूनपुसून, एका बाजूने कापून आखूड करून, भिंतीच्या आडोशाला ठेवलेलं. वर मेंढीचं कातडं.

नेरिस बसली. हात फिरवला लाकडावरून. "इथे मी टाचणीने नाव कोरलं होतं. वडिलांनी कान पिळला होता माझा."

"तुझा नाही, माझा. कोरलंस तू आणि पिळला माझा."

"मोठी होतीस ना तू. मग आता काय, डोंगरावर प्रवचन ऐकायचं?"

"तू दे. मी पेंगते."

खूप वेळ बसलो. मेंढ्या येऊन बघून गेल्या. कातड्यामुळे ऊब होती. या बाकाबद्दल एम्लिनला दोन चांगले शब्द बोलायचे असं मी ठरवलं होतं, पण खाली आलो तर तो ट्रॅक्टरखाली आडवा. नुसते बूट दिसत होते. बुटांशी काय बोलणार.

४ मे

बाक रोवनच्या झाडाखाली आलंय. मेंढवाड्यापेक्षा बरंच खाली.

नेरिस झाडापर्यंत आली आणि बसली. जणू ते कायम तिथेच होतं.

रोवनला पालवी फुटली आहे. तिचे गाल बसलेत. लग्नातली अंगठी आता दोऱ्यात ओवून गळ्यात घालते.

११ मे

आज पुन्हा खाली. ओढ्याच्या अलीकडे. ओलांडायलाही नको.

ती बसली. मीही बसले. पण माझ्या डोक्यात आग पेटली होती. हा माणूस बायकोचं मरण पट्टीने मोजतोय! दर आठवड्याला एक खूण, थोडी खाली.

तिला घरी निजवलं आणि तशीच अंगणात गेले. तो मेंढीला उताणी धरून खुरांना औषध लावत होता.

"बाक तुम्ही हलवताय?"

"हो."

"कशाला? तिला दिसत नाही असं वाटतं? गेल्या सोमवारी कुठवर गेली, या सोमवारी कुठवर — हे असं डोंगरावर मांडून दाखवायची काय गरज आहे?" माझा आवाज चढला होता. कुत्री उठून गाडीखाली गेली.

त्याने मेंढीला सोडलं. ती लंगडत पळाली. मग त्याने हात पँटला पुसले, दोन्ही बाजूंनी, सावकाश.

"ती दमले म्हणते त्याच्या बरीच आधी दमलेली असते," म्हणाला. "सांगत नाही. चालत राहते. मग पाय उचलेनासे झाले की बसते, ओल्यात, कुठंही. गेल्या सोमवारी बांध धरून उभी होती. तुम्ही पुढे होतात. तुम्हाला दिसलं नाही."

"आणि तुम्हाला बरं दिसलं!"

त्याने हनुवटीने गोठ्याच्या खिडकीकडे दाखवलं. तिथे दुर्बीण टांगलेली. वरच्या रानातल्या मेंढ्या बघायला असते ती.

मी दुर्बिणीकडे बघितलं. मग म्हटलं, "एवढं बघता, तर बरोबर का येत नाही?"

त्याने औषधाच्या डबीचं झाकण लावलं. मला वाटलं, आता नेहमीसारखा टोपी घालून जाईल.

"माझ्याबरोबर ती बसत नाही."

"म्हणजे?"

"फेब्रुवारीत गेलो होतो आम्ही दोघं. मी म्हटलं, बस जरा. तर म्हणे, मला काय धाड भरलीय? माझ्यापुढे चालत माथ्यापर्यंत गेली. घरी आल्यावर न्हाणीत ओकत होती. मला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून." तो दुसरी मेंढी धरायला वाकला. "तुमच्याबरोबर ती बसते. म्हणून तुम्ही जा."

मेंढी उताणी केली, गुडघ्यात दाबून धरली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती डबी द्या इकडे."

मी दिली.

१२ मे

फेब्रुवारीत. म्हणजे निकालाच्या आधीपासून त्याला कळलं होतं.

१८ मे

"भांडलीस म्हणे त्याच्याशी," बाकावर बसल्या बसल्या नेरिस म्हणाली.

"त्याने सांगितलं?"

"तो कसला सांगतोय! फ्लॉस कुत्री संध्याकाळपर्यंत गाडीखालून निघाली नाही. म्हणजे अंगणात कुणीतरी ओरडलं. आणि तो तर ओरडत नाही."

ओढ्याला पाणी कमी आहे. पलीकडच्या उतारावर कोकरं धावण्याच्या शर्यती लावतात — सगळी मिळून सुटतात, मग सगळी मिळून थांबतात, कशासाठी कुणालाच ठाऊक नाही. आम्ही बघत बसलो. ऊन होतं, तरी तिच्या अंगावर एम्लिनचं जाड स्वेटर. बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी वळकट्या झाल्या होत्या.

"मरायची भीती फारशी वाटत नाही गं," मधेच म्हणाली. "दुखण्याची वाटते. पण त्याची जास्त वाटते."

"कुणाची?"

"एम्लिनची. तो मागे राहील. मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही. मी मामीकडे कार्डिफला राहायला गेले होते, आठवतं? परत आले तर हा तोवर नुसत्या चहाबिस्किटावर. मी म्हटलं, अरे, कपाट भरलेलं होतं. तर म्हणे, भूक लागली नाही. ताट समोर आलं नाही तर त्याला भूकच कळत नाही, टेगी. माणूस आहे की मेंढी कोण जाणे."

"मेंढी निदान चरते."

"तेच तर." हसली, मग नाही हसली. "तू रविवारची येत जा. चॅपल झालं की सरळ इकडे. त्याला जेवायला घाल. नुसतं ठेवून जाऊ नकोस, समोर बस."

"आम्ही दोघं? सूप संपायच्या आत एकमेकांचा जीव घेऊ."

"घ्या. पण आधी पोटभर जेवा."

मी हो म्हटलं. ती म्हणाली, असं नाही, नीट म्हण. मी नीट म्हटलं.

२५ मे

सुट्टीचा सोमवार. मोठ्या रस्त्यावर गाड्यांची माळ, सगळ्या समुद्राकडे नाहीतर उत्तरेच्या डोंगरांकडे. त्यातलं एक जोडपं कसं कोण जाणे, चुकून आमच्या ओढ्याशी आलं. नवे बूट, नव्या काठ्या, गळ्यात नकाशा.

"वर बघण्यासारखं काय आहे?" बाईने विचारलं.

"काही नाही," नेरिस म्हणाली.

"अगदी काहीच नाही?"

"गवत आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आभार मानले आणि आले तसे परत गेले. नेरिस इतकी हसली की तिला दोन्ही हातांनी बाक धरावं लागलं. मग हसणं कधी थांबलं आणि कळ कधी आली ते मला कळलंच नाही. तोंड पांढरंफटक. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केस किती विरळ झालेत.

खालून क्वाडचा आवाज आला. मी हाक मारलेली नव्हती. एम्लिन आला, तिला उचललं — कोकरू उचलतात तसं, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली — आणि गाडीवर न ठेवता तसाच चालत घरी घेऊन गेला. क्वाड मी ढकलत आणली. चालवता कुठे येते मला.

१ जून

पाऊस. ती फाटकापर्यंत आली. छत्रीखाली उभं राहून वर बघितलं. माथा ढगात होता. परत गेलो.

१५ जून

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

बाक आता फाटकाच्या आतच, अंगणाच्या टोकाला. तिथून अख्खा एस्गेर दिसतो. नेरिसला मी धरून आणलं, बसवलं, पाय ब्लँकेटमध्ये गुंडाळले. थोड्या अंतरावर एम्लिन कुंपणाचा खांब ठोकत होता. ठोकायचा, थांबायचा, ठोकायचा.

"किती वेळ ठोकणार आहेस तो?" ती एवढ्याशा आवाजात म्हणाली. "गेल्याच वर्षी नवा घातलास."

तो थांबला. हातोडा खाली ठेवला. आला आणि उभा राहिला, बोलावणं आलेल्या पोरासारखा.

"बस."

टोकाला बसला, टोपी हातात. मी मधे. मला कळेना, उठावं की नाही.

नेरिस डोंगराकडे बघत होती. मग म्हणाली, "मी दमलेय, एम्लिन."

"ठाऊक आहे."

"खूप दमलेय."

"ठाऊक आहे गं."

मी उठले. गुडघ्यांची पर्वा केली नाही, फाटक उघडलं आणि चालायला लागले. ओढा, रोवन, मेंढवाडा. मार्चनंतर पहिल्यांदा माथ्यावर. एकटी. गवत गुडघ्याएवढं वाढलंय, वाऱ्याने एका बाजूला झोपतं आणि उठतं, सगळा उतार हलत असल्यासारखा. कुठे माणूस नाही. चहूकडे हिरव्यामागे हिरवं, शेवटी निळं. एक कुरल पक्षी ओरडत गेला — त्याचं ते लांबत जाणारं रडं, लहानपणी आम्ही नक्कल करायचो.

दगडांच्या राशीला टेकून बसले आणि रडले. मार्चपासूनचं साठलेलं. मोठ्याने रडले. एस्गेरचं हे बरं आहे, रडायला जागा भरपूर आणि मान तिरकी करायला कुणी नाही.

मग खाली बघितलं. बाकावर दोन ठिपके. पहिल्यांदा दोन होते. नंतर बघितलं तर दोन्ही मिळून एकच.

२८ जून, रविवार

नेरिसचा पलंग आता बैठकीच्या खोलीत, खिडकीशी. आज सकाळी तिने फर्मान काढलं. स्वयंपाकघरात टेबल मांडा, दोघं समोरासमोर बसून जेवा, मधलं दार उघडं ठेवा. "तालीम," म्हणाली.

मी कोकराचं मटण भाजलं. बटाटे, वाटाणे, पुदिन्याची चटणी. एम्लिन हात धुऊन, भांग पाडून आला. बसलो. घड्याळ ऐकू येत होतं.

"मटण जरा वातड झालंय," तो म्हणाला.

"मेंढरू तुमचंच होतं."

आतून आवाज आला, "चालू द्या. ऐकतेय मी."

"चटणी ती निराळी करते," तो.

"मग तिच्याकडून शिकून घ्या."

"टेगी, साखर कमी, व्हिनेगर जास्त!" आतून. "आणि त्याला अजून बटाटे वाढ. तो मागणार नाही."

वाढले. खाल्ले त्याने. पुन्हा वाढले, तेही खाल्ले. मग अचानक दोघांच्याही लक्षात आलं, आपण काय करतोय ते. तिसरी खुर्ची रिकामी होती आणि आम्ही ती रिकामी असण्याची सवय करून घेत होतो. त्याने काटा खाली ठेवला.

"टेग्वेन," म्हणाला. आवाज खाली, आत जाणार नाही असा. "तू येशील ना खरंच? रविवारची?"

तू म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"येईन," मी म्हटलं. "पुदिना तेवढा तू तोडून ठेव."

 आत जाऊन बघितलं तर तिचे डोळे मिटलेले, पण झोपलेली नव्हती. पापण्या ओल्या होत्या.

६ जुलै

नर्स बेथान रोज येते. मॉर्फिन वाढवलं. दारात मला म्हणाली, आता दिवसांचंच आहे, आठवडे धरू नका.

कुठली भजनं म्हणायची ते नेरिसने सांगून ठेवलंय. ऑर्गन कुणी वाजवायचा नाही तेही. "ती ग्वेनो वाजवणार असेल तर मी उठून बसेन."

एम्लिन आता दुपारी येतो, बूट दाराशी काढतो, पलंगापाशी बसतो. कुठली मेंढी लंगडतेय, वरच्या रानात गवत कसं आहे, कोल्ह्याने काय नेलं, सगळं सांगतो. हा माणूस इतकं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. ती डोळे मिटून ऐकते. मधेच म्हणते, "मग?"

मी आता इथेच राहायला आलेय. माळ्यावरची माझी जुनी खोली.

१३ जुलै

उद्या लोकर कातरणी. शेजारचा गेरेंट आणि त्याची माणसं येणार. एम्लिन रद्द करायला निघाला होता. मी हिला सोडून तिकडे कसा जाऊ, म्हणाला.

"मेंढ्या उकडून मरतील," नेरिस म्हणाली. शब्द फुटत नाहीत आता, ओठांशी कान न्यावा लागतो. "जा. खिडकी उघडी ठेव. मला आवाज ऐकायचाय."

मी माणसांच्या जेवणाला लागले. माझा काळा पोशाख इस्त्री करून दारामागे टांगलाय. बेथान म्हणते, हा आठवडा.

१४ जुलै

एम्लिन गेला.

नेरिस नाही. एम्लिन.

दुपारी, जेवण झाल्यावर, कातरताना. पाणी मागितलं, लोकरीच्या पोत्याला टेकून बसला. गेरेंट पाणी घेऊन आला तोवर संपलं होतं. इस्पितळाचं हेलिकॉप्टर आलं, मेंढ्या अर्ध्या कातरलेल्या तशाच एस्गेरभर पांगल्या. काही उपयोग नव्हता.

तिला मीच सांगितलं. वाटलं होतं, ऐकल्याबरोबर तीही जाईल. ती नुसती खिडकीकडे बघत राहिली. मग ओठ हलले. मी कान नेला.

"जेवला होता?"

"हो. दोनदा वाढून घेतलं."

माझा हात शोधला तिने. मग म्हणाली, "बरं झालं, टेगी. त्याला मागे राहावं नाही लागलं."